जांभ्याच्या भिंतीला सिमेंट फासण्याआधी

कोकणातलं जुनं घर दुरुस्तीला काढायच्या बेतात असाल तर कंत्राटदाराला होकार देण्याआधी हे वाचा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, वर प्लॅस्टिक पेंट चढला आणि अंगणात भिंतीला भिडवून कोबा घातला गेला. घर दृष्ट लागण्यासारखं दिसू लागलं. मग दोन-तीन पावसाळ्यांत पश्चिमेच्या खोलीत, जिथे कधी ओल आली नव्हती तिथे, कमरेएवढ्या उंचीवर डाग उमटले. लोणा फुटला, रंगाचे पोपडे सुटले. कंत्राटदाराचं उत्तर एकच: वॉटरप्रूफिंगचा आणखी एक हात मारू.

शेवटी गावातल्या एका वयस्क गवंड्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत खोलीला फेरी घातली. बहुतेक जागी आवाज पोकळ येत होता. मग छिन्नीने बाहेरचा एक तुकडा काढला, तर हातभर पापुद्रा सुटून आला. त्याच्या पाठीला जांभ्याची लाल साल चिकटलेली. आतला चिरा ओलाचिंब, नखाने खरवडला तरी भुगा पडत होता. "भिंतीला आधी सुकू दे, बाकीचं मग बघू," एवढंच ते म्हणाले.

जांभा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो, पश्चिमेची झडही पितो. आपल्याकडचे चिरे पुष्कळदा मातीत बसवलेले असतात आणि त्यावर चुन्याचा गिलावा असतो. असा गिलावा भिजतो तसा सुकतोही. भिंतीतलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं. सिमेंटचा थर कडक. घर किंचित बसलं, उन्हाने तापलं की त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. तिथून पाणी आत शिरतं, पण वरच्या रंगामुळे बाहेर पडू शकत नाही. मग ते खोलीच्या बाजूला सरकतं आणि भिंतीत वर चढतं. सोबतचे क्षार गिलाव्यामागे साठून दगडच कुरतडतात. चिऱ्यांमधली माती मऊ होते ती वेगळीच.

सगळ्यात मोठं नुकसान लाकडाचं झालं. तुळईचं टोक भिंतीत असतं, म्हणजे ओलीतच. आमच्या एका तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून मात्र लाकूड धडधाकट दिसत होतं. म्हणून भिंत ओली दिसली की रंगाकडे बघत बसू नका, आधी तुळयांची टोकं तपासा. प्रश्न तिथे जिवाचा असतो.

अंगणातल्या कोब्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. सारवलेलं अंगण मोकळं असतं, जमिनीतली ओल तिथूनच उडून जाते. भिंतीला भिडवून कोबा किंवा पेव्हर ब्लॉक बसवले की त्या ओलीला वर यायला भिंतच उरते. शिवाय अंगणाची उंची वाढली की पागोळ्यांचं पाणी जोत्यावरून उडून थेट चिऱ्यांवर आपटतं. आम्ही जोत्यालगतचा दोन फुटांचा पट्टा उखडला, तिथे खडी भरली आणि पाण्याला पऱ्ह्याकडे उतार दिला. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त गुणाचं काम हेच ठरलं.

आता छप्पर. बासल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथून पसरलेली ही कौलं रिपांवर नुसती अडकवायची असतात. त्यांच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून वासे आणि रिपा कोरड्या राहतात. माकडांच्या उड्यांनी कौलं सरकतात हे खरं, त्या त्रासाने माणूस टेकीला येतो हेही खरं. पण म्हणून सांधे सिमेंटने भरू नका. एक कौल फुटलं की ते काढताना शेजारची चार फुटतात. कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणून ठोकला तर रिपा आतल्या आत कुजतात. शाकारणीच्या वेळी प्रत्येक कौल वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला काढा. जुनी चांगली कौलं विकून टाकू नका. कारखान्यागणिक माप थोडं बदलतं, नवं कौल जुन्याच्या खाचेत बसेलच असं नाही. शेवाळ कुंच्याने काढा, जोरदार फवाऱ्याने नको. छपरावर चढायचंच तर आडवी फळी टाकून चढा.

गिलावा उतरवायचा तर हातोडी-छिन्नीने, हळूहळू. ब्रेकर लावला तर चिरेच निखळतात. मग भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवा. घर त्या काळात विद्रूप दिसेल, पाहुणे विचारतील, दिसू दे. चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत उरका. चुना हवेतला वायू शोषत सावकाश घट्ट होतो, त्याला महिने लागतात, आणि सुरुवातीला रोज पाणी शिंपडावं लागतं. आपण चाकरमानी मे महिन्याच्या सुट्टीत गावी जातो आणि तेव्हाच काम काढतो. जूनमध्ये पाऊस येऊन ठेपतो आणि कच्चा चुना धुपून जातो. त्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं.

कंत्राटदाराने तुम्हाला रंगाचं कार्ड दाखवलं तर ते बाजूला ठेवा. "पाणी येतं कुठून आणि जाईल कुठून?" हे त्याला भिंतीपाशी उभं करून विचारा. उत्तर पटलं तर मागच्या बाजूला हातभर जागेत नमुना करून घ्या, त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच बाकीच्या घराचे पैसे ठरवा.