परसातली पाखरे आणि उसातली हुमणी

शिवऱ्याकडे घरामागच्या परसात पेरू पाडाला लागला की राघूंची धाड आलीच. एक फळ पुरते खातील तर शपथ! चार टोचायची, पाच पाडायची. मग आपण गोफण काढतो, डबा बडवतो, बुजगावणे उभे करतो. दोन दिवस बरे जातात. पुढे पाखरू त्याच्याच डोक्यावर येऊन बसते.

म्हणून भेवडावण्यापेक्षा आड करावी. फळ लिंबाएवढे झाले की जुन्या धोतराची पिशवी देठाशी बांधावी. प्लास्टिकची नको, आत पाणी धरून फळ सडते. मेथीचा वाफा चिमण्यांपासून राखायला उगवून येईतो तुराट्यांनी झाकावा. जाळे लावलेच तर ताणून लावा. ढिल्या नायलॉनमध्ये धामण गुंतून मरते आणि उंदरांचे फावते.

विषारी दाणे मात्र कोणी टाकू नयेत. पोपट मारणे-पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून आपल्या पोटाशी गाठ आहे. पेरूला चोच लावणारी साळुंकीच नांगरामागे कावळ्या-बगळ्यांबरोबर हुमणीच्या अळ्या वेचते, आणि हुमणी उसाच्या मुळ्यांचे काय करते हे आपणांस सांगायला नको. चीनमध्ये १९५८ साली धान्य वाचवायला चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. किडी माजल्या, आणि १९६० मध्ये मारायच्या यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घालावा लागला!

शेंड्यावरच्या चार-दोन फळांना पिशवी बांधायला आमचा हात पोचत नाही. तेवढी आम्ही राघूच्या नावे धरतो.