नेम आणि निग्रह : क्लबातील पहिला सामना

जत्रेत हिंडणाऱ्या माणसाची पावले एका पालापाशी हमखास थबकतात. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात, समोर छर्ऱ्याची बंदूक ठेवलेली असते आणि भोवती बघ्यांचे कोंडाळे जमलेले असते. फुगा फुटला की टाळी, चुकला की हशा. गुण मोजण्याची गरज नाही, पंचाची गरज नाही. निकाल ज्याचा त्याला तत्क्षणी दिसतो. नेमबाजीचे मूळ आकर्षण या साध्या आनंदात आहे.

या आनंदाला नियमांची चौकट दिली की त्याचा सामना होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सेंट्रल लेक या छोट्या गावी 1970 नंतरच्या दशकात रिचर्ड डेव्हिस या चिलखती जाकिटांच्या उत्पादकाने असाच एक खेळ लोकप्रिय केला. बोलिंगच्या खेळात चेंडूने पाडावयाच्या ज्या लाकडी खुंट्या असतात, त्यांतील पाच एका मेजावर मांडावयाच्या आणि सुमारे 25 फुटांवरून त्या पिस्तुलाने मेजाखाली पाडावयाच्या, असे त्याचे स्वरूप. सर्वांत कमी वेळात पाचही पाडील तो विजयी. खुंटी सुमारे 38 सेंटिमीटर उंच आणि दीड किलोग्रॅमच्या आसपास वजनाची असते. गोळी तिच्या कडेला लागली तर ती गिरकी घेऊन मेजावरच आडवी होते, आणि आडवी खुंटी खाली ढकलणे उभीपेक्षा अवघड असते. म्हणजे घाई करणाऱ्याचा वेळ अधिक जातो. वरवर वेगाचा दिसणारा हा खेळ वस्तुतः संयमाचा आहे.

दिल्लीतील रेंज

भारतात नेमबाजीचे संघटित रूप स्वातंत्र्यानंतर आकारास आले. 1951 साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होत. पुढे तेच लोकसभेचे पहिले सभापती झाले. अहमदाबादेत कर्तृत्व गाजविलेल्या या मराठी गृहस्थाचे नाव आज अनेक तरुण नेमबाजांच्या तोंडी असते, ते संसदेमुळे नव्हे, तर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या वाटेवरील 'मावळंकर स्पर्धे'मुळे.

राजधानीतील नेमबाजीचे मुख्य केंद्र तुघलकाबाद येथे आहे. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ही रेंज उभारण्यात आली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिचे नूतनीकरण झाले. तिला बिकानेरचे डॉ. कर्णी सिंग यांचे नाव आहे. उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या या महाराजांनी 1962 साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले होते. मात्र नेमबाजी ही आता संस्थानिकांची मिरास उरलेली नाही. दिल्ली आणि भोवतालच्या हरियाणा व उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांत शाळकरी मुलेही दहा मीटरच्या छोट्या रेंजवर सराव करताना आढळतात.

नवख्याचा आरंभ बहुधा दहा मीटरवरील हवेच्या पिस्तुलाने होतो. हे पिस्तूल 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा फेकते. त्याचे वजन दीड किलोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि ते एकाच हाताने धरावे लागते. लक्ष्याचा काळा भाग 59.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढे. पूर्ण सामन्यात 60 नेम असतात. क्लबाच्या आपसांतील सामन्यांत ही संख्या सोयीनुसार कमी ठेवता येते.

चुकीचे गणित

प्रथमच सामन्यास उभा राहणारा हात थरथरतो म्हणून घाबरतो. वास्तविक थरथर कोणाचीच संपूर्णपणे थांबत नाही. तिच्यापेक्षा मोठा शत्रू निराळा आहे, आणि तो ओळखण्यास थोडे गणित पुरेसे होते.

पिस्तुलाच्या टोकाला एक माशी असते व मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसली पाहिजे आणि दोहोंचे माथे एका रेषेत आले पाहिजेत. समजा, संपूर्ण हात सरळच्या सरळ पाच मिलिमीटर बाजूस सरकला, परंतु माशी खाचेत नीट राहिली. तर छर्राही पाच मिलिमीटरच सरकेल आणि नेम दहाच्या वर्तुळातच लागेल. आता समजा, हात स्थिर आहे, परंतु माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर ढळली. माशी व खाच यांतील अंतर सुमारे 30 सेंटिमीटर आणि लक्ष्य 10 मीटरवर. म्हणजे चूक तेहेतीस पटींनी वाढणार. छर्रा मध्यापासून 33 मिलिमीटर दूर, काळ्या भागाच्या बाहेर जाऊन पडेल आणि दहाच्या जागी सहा गुण पदरी येतील.

म्हणूनच नेमबाजाने दृष्टी लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर ठेवावयाची असते. लक्ष्य अंधुक दिसले तरी चालते. नवख्याला हे पटत नाही. ज्याला भेदावयाचे त्याच्याकडे पाहू नये, हे त्याच्या स्वभावाविरुद्ध असते. त्यातून काळा ठिपका मध्यावर आलेला दिसताच तो चाप झटक्याने ओढतो, आणि त्या झटक्यानेच माशी ढळते. यावरील उपाय जुना व बिनखर्चाचा आहे : छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर, चाप सावकाश दाबण्याचा सराव. ज्या दिवशी चाप सुटूनही माशी जागची हलत नाही, त्या दिवशी अर्धी विद्या हाती आली असे समजावे.

रेंजवरील शिस्त

रेंजवर पंचाचा शब्द अंतिम असतो. 'लोड' म्हणेपर्यंत छर्रा भरावयाचा नाही, 'स्टार्ट' म्हणेपर्यंत नेम सोडावयाचा नाही, आणि 'स्टॉप' ऐकताच चापावरील बोट काढावयाचे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच. पिस्तूल खाली ठेवताना ते रिकामे असल्याची खूण म्हणून नळीत भडक रंगाचा सुरक्षा-दोरा घालतात. कोणी पुढे लक्ष्यापाशी गेले असता शस्त्राला स्पर्शही करावयाचा नाही.

पिस्तूल रिकामे आहे याची खात्री असली तरी ते भरलेलेच आहे असे मानून वागावे, हा या खेळाचा पहिला धडा होय. कमी गुण मिळविणाऱ्यास पुढच्या आठवड्यात पुन्हा संधी मिळते. परंतु मित्राने हाक मारली म्हणून हातातील पिस्तुलासह मागे वळणाऱ्यास पंच तत्काळ बाहेर काढतो, आणि त्याबद्दल कोणी पंचाला कठोर म्हणत नाही. एका बेसावध क्षणाची भरपाई कोणत्याही गुणांनी होत नसते.

वेग आणि धीर

पाच खुंट्यांच्या खेळाचे एक सख्खे भावंड ऑलिंपिकमध्येही आहे. 25 मीटरच्या जलद पिस्तूल स्पर्धेत पाच लक्ष्ये शेजारी शेजारी असतात आणि हात उचलून प्रत्येकावर एक याप्रमाणे पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. 2012 साली लंडन येथे विजय कुमार यांनी या प्रकारात रौप्यपदक पटकावले. त्या अंतिम फेरीत गोळी 'लागली' किंवा 'चुकली' एवढाच हिशेब होता, जत्रेतील फुग्यासारखा. चाळीसपैकी तीस नेम त्यांनी साधले. दहा चुकले, पण प्रत्येक चुकीनंतर पुढचे लक्ष्य तितक्याच शांतपणे घेणे हीच तेथील खरी कसोटी होती.

हीच गोष्ट दिल्लीलगतच्या झज्जर जिल्ह्यातील मनू भाकर यांच्या वाटचालीत दिसते. 2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्यांच्या पिस्तुलात ऐन सामन्यात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांनिशी त्यांना बाराव्या स्थानावर थांबावे लागले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी, 2024 साली, पॅरिस येथे त्याच दहा मीटर पिस्तूल प्रकारात त्यांनी कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

क्लबातील सामन्यात पदक नसते. फार तर एखादा पेला आणि सोबत्यांची शाबासकी. तरीही तेथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा याच विषयाची असते. वाईट गेलेला नेम परत बोलाविता येत नाही, आणि चांगला गेलेला पुढच्याला मदत करीत नाही. पिस्तूल खाली ठेवावे, श्वास स्थिर करावा आणि पुढचा नेम हाच पहिला आहे असे मानून माशीकडे पाहावे. ज्याला हे साधले, तो हरलेल्या सामन्यातूनही रिकाम्या हाताने घरी जात नाही.