माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपचा आवाज कमी कसा करावा?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, अंबरनाथ व कल्याण या तालुक्यांत पिकणारी भाजी कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात उतरते. तेथून ती पिकअप गाड्यांतून ठाकुर्ली, डोंबिवलीकडे जाते. ही वाहतूक बहुधा पहाटे, लोक झोपेत असताना होते. ठाकुर्ली हे एके काळी खाडीलगतचे खेडे होते; आज ते कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असून दाट वस्तीचे झाले आहे. दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून जाणाऱ्या रस्त्यावर आवाज भिंतींवर आदळून घुमतो. सायलेन्सर फुटलेली एकच गाडी अशा रस्त्याने गेली, तरी आजारी माणसे, लहान मुले व रात्रपाळी करून आलेले कामगार यांची झोप मोडते. गाडी हाकणारा तर रोज कित्येक तास त्याच आवाजात बसलेला असतो. ऐकण्याची शक्ती हळूहळू कमी होते व एकदा गेली म्हणजे परत येत नाही.

डिझेल गाडी म्हटली की आवाज व्हावयाचाच, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. कारखान्यातून निघताना हीच गाडी बरीच शांत असते. पुढे ती कर्कश होते, ती बहुधा धुराच्या मार्गात कोठेतरी गळती झाल्यामुळे किंवा कोणीतरी सायलेन्सरमध्ये फेरफार केल्यामुळे. ही दोन्ही कारणे थोड्या खर्चात दूर करता येतात.

आवाज कोठून येतो?

चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीस दोन वेळा धूर जोराने बाहेर फेकला जातो. इंजिन मिनिटास १,५०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदास असे ५० धक्के बसतात. त्यांतून जाड, घुमणारा आवाज निर्माण होतो व तो बंद खिडक्यांतूनही घरात शिरतो. हे धक्के मोडण्यासाठी सायलेन्सर असतो. त्याच्या पोटात कप्पे व भोके पाडलेल्या नळ्या असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आवाजाच्या लाटा उलट फिरतात व एकमेकींना मारून टाकतात. काही सायलेन्सरमध्ये काचेच्या तंतूंचे अस्तर असते. ते बारीक, कर्कश आवाज शोषून घेते. जाड आवाजासाठी मात्र कप्पेच लागतात.

इंजिनाची ‘टक टक’ ही निराळी गोष्ट होय. ती सिलिंडरात इंधन पेट घेताना होते व इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. थंड इंजिनात ती अधिक असते. गाडीच्या पुढे उभे राहिल्यावर आवाज मोठा वाटत असेल व मागे लहान, तर इंजेक्टर, टॅपेट व इंजिनाखालील रबरी माउंटिंग तपासून घ्यावे. अशा वेळी नवा सायलेन्सर बसवून उपयोग होत नाही. दोन सारख्याच आवाजांपैकी एक बंद केला, तर फरक केवळ ३ डेसिबलांचा पडतो. म्हणून सर्वांत मोठा आवाज कोणता, ते आधी ठरवावे.

गळती कशी शोधावी?

१. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. सकाळी ती उघड्यावर, सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू करू नये.

२. इंजिन चालू करण्यापूर्वी मॅनिफोल्डपासून शेवटच्या नळीपर्यंत सर्व सांधे पाहावेत. डिझेलची गळती काळ्या काजळीच्या रेषेवरून ओळखता येते.

३. इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील, तेथे गळती आहे. पाइप लवकर तापतो, म्हणून हे काम पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उरकावे.

४. मदतनिसाने जाड हातमोजे घालून, ओल्या पोत्याची घडी नळीच्या तोंडावर क्षणभर धरावी. धूर दुसरीकडून निसटत असेल, तर फुसफुस ऐकू येते.

५. इंजिन बंद करून, पाइप निवल्यावर तो हाताने हलवून पाहावा. लोंबकळणारे रबर तुटले असेल, तर पाइप चासीवर आपटतो व तोच आवाज सायलेन्सरचा वाटतो.

दुरुस्ती

गॅस्केट जळले असल्यास नवे घालावे व बोल्ट सारखे आवळावेत. रबर व क्लॅम्प यांची किंमत थोडी असते. ते बदलण्यात टाळाटाळ करू नये. पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर त्यावर ठिगळ टिकत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून मगच जोड द्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, कारण वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडून ठेवावी.

कोकणच्या पावसात पत्रा बाहेरून गंजतो, तर लहान फेऱ्यांमुळे तो आतून गंजतो. इंजिन पुरते तापत नाही व धुरातील वाफेचे पाणी सायलेन्सरमध्ये साचते. ते निघून जावे म्हणून काही सायलेन्सरच्या तळाशी मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते. ते गळती समजून बुजवू नये.

नवा सायलेन्सर घेताना तो त्याच गाडीसाठी बनविलेला असावा. अरुंद नळीने धूर तुंबतो, इंजिन तापते व डिझेल अधिक लागते.

काय करू नये?

सायलेन्सर पोकळ केल्याने किंवा सरळ पाइप टाकल्याने गाडीची ओढ वाढते, असे सांगितले जाते. भाजी वाहणाऱ्या गाडीस त्याचा जाणवेल असा लाभ होत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करणारी यंत्रणाही याच मार्गात असते. ती कापल्यास इंजिनाचे नियंत्रण बिघडते. गळका धूर केबिनमध्येही शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. आवाजाची मर्यादा मोडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतात. शिवाय परवानाही तीन महिने बाद होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलांची मर्यादा ठरविली आहे. ही मर्यादा त्या भागातील एकूण आवाजाची आहे. पहाटेची वाहतूक याच वेळेत येते.

चालविण्याची सवय

दुरुस्त गाडीही बेपर्वाईने हाकल्यास गोंगाट करते. वस्तीतून जाताना वरच्या गिअरमध्ये, इंजिन ओढ खाणार नाही इतक्या कमी फेऱ्यांवर गाडी न्यावी. माल चढविताना व उतरविताना इंजिन बंद ठेवावे.

ग्राम कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर गावातील गाडीमालकांना एकत्र बोलावून वरील तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. दुरुस्तीपूर्वी व नंतर, त्याच जागी, तितक्याच अंतरावर व तितक्याच फेऱ्यांवर मोबाइलच्या साहाय्याने आवाज मोजावा. असा आकडा कायदेशीर पुरावा ठरत नाही. परंतु किती फरक पडला, हे मालकास पटवून देण्यास तो पुरेसा होतो. १० डेसिबल कमी झाल्यास आवाज कानास सुमारे निम्मा वाटतो. शेतकऱ्याचा माल शहरास हवाच आहे. तो शहराची झोप न मोडता पोहोचविणे हे थोड्या देखभालीने साधण्यासारखे काम आहे.