आम्ही आमच्याच जागी होतो

'डिजिटलवाल्यांनी नेट बिघडवलं' ही गोष्ट आता इतक्या ग्रुपांवर फिरली आहे की लोकांना ती खरी वाटायला लागली आहे. म्हणून काय झालं ते लिहिते. ज्यांना हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर कॉम्प्युटर जोडून बसायचं आहे त्यांच्या कामाचं यात बरंच आहे. आणि मला बोलायचं आहेच.

पावसाळ्याआधी आम्ही सांगली, कराड आणि चिपळूण यांच्यात निरोपांची चाचणी ठरवली. २०१९ला सांगलीने आणि २०२१ला चिपळूणने पाणी पाहिलंय. मोबाइल बंद पडले की काय होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मध्ये सह्याद्री उभा, त्यामुळे टू मीटरचा हँडी तिथे मुका. सात मेगाहर्ट्झचा सिग्नल मात्र बुटक्या डायपोलवरून जवळपास सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून परतून घाटाच्या दोन्ही बाजूंना उतरतो. बोलणं समजत नाही इतक्या अशक्त सिग्नलवरही जेएस८ या डिजिटल पद्धतीचा मजकूर शाबूत येतो. जागा नेहमीची: ७.०७८, अप्पर साइडबँड. जगभरचे जेएस८वाले तिथेच भेटतात.

संध्याकाळी सुरुवात छान झाली. पाण्याची पातळी, औषधांची यादी, अडकलेल्या माणसांची संख्या असे नमुन्याचे निरोप कराडमार्गे इकडून तिकडे जात होते. मग वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चित्रात, आमच्या बारीक रेघांवर एक रुंद पट्टा येऊन बसला. चिपळूणचे निरोप अर्धे उतरायला लागले, नंतर तेही थांबले. मी दुसऱ्या रिसीव्हरवर लोअर साइडबँड लावून ऐकलं. आवाजावर बोलणाऱ्यांचं एक जुनं नेट, नेहमीच्या जागी गोंगाट आहे म्हणून खाली सरकून ७.०८०वर आलं होतं. नेट कंट्रोल सगळ्यांना सांगत होते, "कुणाचा तरी कॉम्प्युटर शिट्ट्या मारतोय, दुर्लक्ष करा."

मी माइक घेतला, कॉलसाइन दिलं आणि म्हटलं, "ओएम, इथे आधीपासून जेएस८वर पूरनिरोपांची चाचणी चालू आहे. तुम्ही पाच किलोहर्ट्झ वर जाल का?"

"ताई, आम्ही ऐंशीवर आहोत, तुम्ही अठ्ठ्याहत्तरवर. दोन किलोहर्ट्झचं अंतर आहे. त्रास होतोय म्हणजे तुमचाच सिग्नल घाण असणार. आणि फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, हे आम्ही तीनदा विचारलंय."

विचारलं असेल. पण विचारताना त्यांच्या स्पीकरमधून आमचे सूर येत होते, आणि ते कुणीतरी पाठवतंय हे त्यांनी मनावर घेतलं नाही. शब्द नाहीत म्हणजे माणूस नाही, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर नेटमधल्या कुणीतरी कॉलसाइन न देता आमच्या रेघांवर नुसता कॅरियर सोडला आणि तो बराच वेळ धरून ठेवला. चिपळूणच्या काकांनी फोन करून सांगितलं, "राहू दे, आज बंद करू." पुराच्या वेळी स्वतःच्या गच्चीवर अडकलेला माणूस तो. त्यांच्या तोंडून 'राहू दे' ऐकणं मला फार लागलं.

'सिग्नल घाण' हे शब्द डोक्यातून जाईनात. रात्री वॉटरफॉलचं चित्र उघडून बसले, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. आवाजाचा तो पट्टा डावीकडून सुरू होऊन १७०० हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा संपत होता. उजवीकडे सगळं मोकळं. कागद घेतला. त्यांचं डायल ७.०८०, लोअर साइडबँड. म्हणजे त्यांचा आवाज डायलच्या खाली, साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ: ७.०७७३ ते ७.०७९७. आमचं डायल ७.०७८, अप्पर साइडबँड. आमचे सूर डायलच्या वर, ११०० ते १५०० हर्ट्झवर: ७.०७९१ ते ७.०७९५. आकडे दोन किलोहर्ट्झ दूर, आणि प्रत्यक्षात आम्ही पूर्णपणे त्यांच्या आवाजाच्या आत. सिग्नल घाण असायची गरजच नव्हती. ते वरून खाली उतरत होते, आम्ही खालून वर चढत होतो.

हा हिशेब चित्रासकट मी नेट कंट्रोलना पाठवला. उत्तरात जोडलेले दोन हात आले. 'डिजिटल क्यूआरएम', म्हणजे आमचा अडथळा, असं म्हणणारा त्यांचा मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे.

आता नव्या मंडळींसाठी.

डायलवरचा आकडा म्हणजे तुमची जागा, असं कधीही समजू नका. अप्पर साइडबँडला डायलमध्ये ऑडिओचा ऑफसेट मिळवा. तिथे तुम्ही असता. शेजारी लोअर साइडबँडचं नेट असेल तर त्यांच्या आकड्यातून तीन किलोहर्ट्झ वजा करा. तेवढा पट्टा त्यांचा. आमच्या बाबतीत ऑफसेट २२०० केला असता तर आम्ही ७.०८०२वर, म्हणजे त्यांच्या डोक्यावरून सुखरूप गेलो असतो. रिगचा फिल्टर २२००ला आवाज कापत नाही ना, एवढं आधी बघा.

हाच हिशेब वीस मीटरवर जास्त जपून करा. डायल १४.०९८ आणि ऑफसेट २००० म्हणजे तुम्ही बरोबर १४.१००वर बसलात. तिथे जगभरचे १८ बीकन दर तीन मिनिटांच्या फेरीत आळीपाळीने बोलतात. त्यातला एक श्रीलंकेचा आहे. त्या जागी कुणीही पाठवू नये.

डेटावर असतानाही स्पीकर चालू ठेवा आणि जमलं तर दुसरा रिसीव्हर जवळ असू द्या. कुणी 'जागा मोकळी आहे का' विचारलं तर लगेच उत्तर देता येईल, आणि 'आम्ही तीनदा विचारलं' हे ऐकून घ्यायची वेळ येणार नाही.

जेएस८चा हार्टबीट आपोआप जात राहील असा सोडून उठू नका. तो ५०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो आणि वरच्या नेटला नेमका तोच टोचतो. ऑडिओ इतकाच ठेवा की एएलसीची सुई हलणार नाही. नाहीतर ७००चा सूर १४०० आणि २१००वरही उमटतो, आणि मग 'घाण सिग्नल' म्हणणाऱ्याचं खरं ठरतं. पॉवर कमी ठेवा.

पर्यायी जागा आधी लिहून ठेवा आणि किती मिनिटं उत्तर आलं नाही तर तिकडे जायचं, तेही ठरवा. ती जागा ७.०७४ नसावी, एफटी८ची तिथली गर्दी आपल्याला ऐकूच देत नाही. ७.११० ही आपल्या विभागाची आपत्कालीन संपर्काची जागा. रोजच्या गप्पांसाठी ती अडवू नका. आयएआरयूचा बँड प्लॅन वाचा. लॉग ठेवा. सभ्यपणे बोला.

कुणी अंगावर आलंच तर कॉलसाइन देऊन एकदा विचारा, वॉटरफॉलचं चित्र जपून ठेवा आणि सरका. हवेवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही.

नेटवाल्यांनाही सांगते. फ्रिक्वेन्सी कुणाच्या बापाची नाही. आमची नाही, तुमचीही नाही. पूर्वी ७.१००च्या वर प्रसारण केंद्रं होती, म्हणून सगळा आवाज खाली दाटला होता. २००९मध्ये त्यांनी ७.१०० ते ७.२०० ही जागा सोडायची होती आणि आज तो पट्टा आपल्याला मिळालेला आहे. तिथे सरकायला माणसाला एक बटण फिरवावं लागतं; डिजिटलवाल्यांना मात्र ठरलेली जागा सोडली की समोरचा सापडत नाही. चाचणी होती म्हणून आम्ही थांबलो. खऱ्या पुरात निरोप चालू असताना मी थांबणार नाही. तेव्हा हलायचं ते तुम्हाला.