हिशेबनीस, डॉक्टर आणि चित्र

‘आधुनिक चित्रे आम्हांला कळत नाहीत’ हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो. ते बोलण्यापूर्वी चित्रासमोर पाच मिनिटे तरी उभे राहिलो होतो काय, हे मात्र स्वतःला विचारायचे राहून जाते. मीही त्यातलाच. दहावीनंतर वाणिज्य शाखेत नाव घातले आणि चित्रकलेची वही माळ्यावर गेली. चित्रांवर पोट भरत नाही, हे वडिलांचे म्हणणे मला पटलेही होते. जमाखर्च आणि चित्रकला यांचा एकमेकांशी संबंध नाही, हा माझा समज ज्या दोन चित्रकारांमुळे ढासळला, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे.

पहिले भूपेन खक्कर (१९३४–२००३). जन्म मुंबईचा, पदवी बी. कॉम. पुढे ते चार्टर्ड अकाउंटंटही झाले. १९६२ साली चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या प्रोत्साहनाने ते बडोद्यास गेले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षा शिकले. त्यानंतरही अनेक वर्षे त्यांनी अर्धवेळ हिशेबाचे काम केले. उरलेला वेळ चित्रांचा.

त्यांनी रंगवले कोणाला? शिंपी, न्हावी, घड्याळदुरुस्ती करणारा. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (१९७२) हे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. बाजारातील पाट्या, कॅलेंडरे आणि देवादिकांच्या छापील तसबिरी यांचे भडक रंग त्यांनी मुद्दाम घेतले. ज्याला सुशिक्षित माणूस ‘हलकी अभिरुची’ म्हणून नाक मुरडतो, तेच त्यांनी कलादालनात नेऊन टांगले. त्यात थट्टा आहे की माया, असा प्रश्न पडतो. माझ्या मते दोन्ही आहेत, आणि म्हणूनच चित्रातला माणूस बिचारा वाटत नाही.

१९८१ च्या एका चित्रात त्यांनी बापलेक आणि गाढव यांची, आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट घेतली. सज्जात एक विवस्त्र पुरुष पाठमोरा उभा आहे आणि समोर ती गोष्ट घडते आहे. ‘सर्वांनाच खूश करता येत नाही’ अशा अर्थाचे चित्राचे नाव आहे. आपले समलैंगिकत्व लपवून जगायचे नाही, हा निर्णय त्यामागे होता. लोक काय म्हणतील, या धाकाला दिलेले ते उत्तर आहे. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

दुसरे सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुणे. वैद्यकीय शिक्षणानंतर ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ झाले आणि २००५ पर्यंत त्यांनी व्यवसाय केला. १९८१ साली मुंबई व दिल्ली येथे भरलेल्या सहा चित्रकारांच्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात खक्कर आणि पटवर्धन दोघेही होते. चित्रात माणसाला आणि त्याच्या कहाणीला पुन्हा जागा द्यावी, हा त्या प्रदर्शनाचा विचार होता.

पटवर्धनांवर तरुणपणी मार्क्सवादाचा प्रभाव होता. परंतु त्यांचा कामगार घोषणेतला, मूठ उगारलेला कामगार नाही. तो थकलेला, विचारात पडलेला, अंगापिंडाने खराखुरा माणूस आहे. पुढे त्यांच्या चित्रांत सारे शहरच आले. ‘लोअर परळ’ (२००१) पाहताना १९८२ च्या संपानंतर बदलत गेलेले गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. मध्यमवर्गीय डॉक्टरला श्रमिकाचे चित्र काढण्याचा अधिकार काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच अनेकदा उपस्थित केला आहे.

या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या विषयात शोधले. वैयक्तिक खात्याचा नियम आपण पहिल्याच वर्षी पाठ करतो : घेणारा नावे, देणारा जमा. चित्रकार समोरच्या माणसाकडून त्याचा चेहरा, त्याचे श्रम घेतो. ती रक्कम चित्रकाराच्या नावे पडते. ती फेडायची तर त्या माणसाकडे नीट, न घाईने पाहावे लागते. या दोघांनी आयुष्यभर ते पाहिले. चित्र पाहणारे आपणही घेणारेच आहोत.

आपल्या खडेबाजारात मराठी आणि कन्नड पाटी असलेले घड्याळदुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. वडिलांचे घड्याळ घेऊन मी तेथे कितीतरी वेळा गेलो. खक्करांचे चित्र पाहिल्यावर त्या दुकानदाराचा चेहरा आठवून पाहिला. डोळ्याला लावलेले भिंग आठवले, चेहरा काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांची ती बाकी माझ्या नावे आहे.

गेल्या महिन्यात माळ्यावरची वही खाली काढली. वाणिज्य शाखा सोडण्याचा विचार नाही. दुकानात मात्र आता घाई करीत नाही.