भाजीच्या टाकाऊ भागातून अन्नाचे वेष्टन

आठवड्याचा बाजार उठल्यावर मागे जो ढीग राहतो, त्यात कोबीची वरची पाने, कांद्याची टरफले, वाटाण्याची फोलपटे आणि सडका माल असतो. त्याच ढिगात प्लास्टिकच्या पिशव्याही असतात. पहिल्या वस्तू काही आठवड्यांत मातीत मिसळतात, तर दुसरी पिढ्यान् पिढ्या तशीच राहते. यांपैकी पहिलीकडून दुसरीचे काम करून घेता येईल काय, या प्रश्नावर अनेक देशांतील अन्नशास्त्रज्ञ संशोधन करीत आहेत.

प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. केंद्रीय संशोधन संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आपल्या देशात फळे व भाज्या यांची काढणीनंतरची नासाडी पिकागणिक सुमारे ४.६ ते १५.९ टक्के इतकी होते. अन्न टिकविण्यासाठी वेष्टन हवे आणि वेष्टनाने भूमी नासू नये, अशी ही दुहेरी निकड आहे. एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे इत्यादी वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. परंतु अन्नपदार्थांची इतर पुष्कळशी वेष्टने आजही प्लास्टिकचीच आहेत.

वेष्टन कशाचे बनते?

वनस्पतीच्या अंगी तीन उपयुक्त द्रव्ये असतात : पिष्ट, पेक्टिन आणि सेल्युलोज. बटाट्याचे वेफर करताना काप धुतलेल्या पाण्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो, ते पिष्ट होय. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते, ते पेक्टिन. संत्र्यामोसंब्यांच्या साली व फणसाची काटेरी साल यांत ते असते. सेल्युलोज म्हणजे देठांतील व सालींतील चिवट तंतू. पिष्ट किंवा पेक्टिन पाण्यात शिजवून पातळ थरात वाळविले की त्याचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. नुसता पापुद्रा ठिसूळ असतो. त्यास लवचीकपणा यावा म्हणून ग्लिसरीन आणि बळकटी यावी म्हणून बारीक तंतू मिसळतात.

‘सक्रिय’ म्हणजे काय?

साधे वेष्टन अन्नाला केवळ झाकते. सक्रिय वेष्टन अन्नाच्या रक्षणात स्वतः भाग घेते. कांद्याच्या टरफलातील क्वेर्सेटिन व डाळिंबाच्या सालीतील टॅनिन ही द्रव्ये तेलाला खवट वास येण्याची क्रिया मंदावतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉल बुरशीला व जीवाणूंना अटकाव करते. अशी द्रव्ये पापुद्र्यात मिसळली म्हणजे ती हळूहळू अन्नाच्या पृष्ठभागी उतरतात. लोणच्याच्या बरणीत मीठ, मोहरी व तेल जे कार्य करतात, तेच येथे वेष्टनाकडून अल्प प्रमाणात होते.

याच कुळातील दुसरा प्रकार सूचक वेष्टनाचा. जांभळ्या कोबीतील रंगद्रव्य आम्लात लाल, तर अल्कलीत निळे-हिरवे होते. मासळी शिळी होऊ लागली की तिच्यातून अल्कलीधर्मी वायू निघतात व पापुद्र्याचा रंग पालटतो. समुद्रकिनाऱ्यावरील प्रदेशास या गुणाचे महत्त्व विशेष सांगण्याची आवश्यकता नाही.

शाळेत करावयाचा प्रयोग

वेफरच्या पाण्यातील साका दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन, निवळी ओतून देऊन वाळवावा. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम साका व सुमारे १.५ ग्रॅम ग्लिसरीन घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण खळीसारखे दाट व पारदर्शक झाले की ते सपाट ताटात पातळ पसरावे आणि सावलीत एकदोन दिवस वाळू द्यावे. दुसऱ्या ताटासाठी पाण्याऐवजी कांद्याच्या टरफलांचा गाळलेला काढा घ्यावा. दोन्ही पापुद्र्यांत पावाचा एकेक तुकडा गुंडाळावा, तिसरा उघडा ठेवावा, आणि बुरशी प्रथम कोठे दिसते याची विद्यार्थ्यांनी रोज नोंद करावी. शिजविण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे. हे तुकडे कोणी खाऊ नयेत.

मर्यादा

या वेष्टनाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगणे इष्ट आहे. पिष्टाचा पापुद्रा पाण्यात भिजताच फुगतो व फाटतो. म्हणून रसदार पदार्थांस तो एकटा पुरत नाही. पेक्टिनला कॅल्शियमची जोड देऊन किंवा मेणाचा थर चढवून हा दोष कमी करता येतो, पण खर्च वाढतो. टाकाऊ भाजीवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो, त्यामुळे कच्चा माल स्वच्छ व तपासलेला हवा. विक्रीसाठी असे वेष्टन बनविणाऱ्यास अन्नसुरक्षेचे नियम पाळावेच लागतात.

‘विघटनशील’ या शब्दानेही फसू नये. बाजारातील काही कंपोस्टक्षम पिशव्या खतप्रकल्पातील उष्णतेतच नीट कुजतात. उघड्या नाल्यात वा समुद्रात त्या दीर्घकाळ टिकून राहतात. अशा पिशव्यांवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे की नाही, हे ग्राहकाने पाहावे.

आज काय करता येईल?

कारखाने निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केळीचे पान, पळसाची पत्रावळ, पोफळीच्या विरीची थाळी ही विघटनशील वेष्टने आपल्या घरी पूर्वापार आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओला कचरा वेगळा ठेवणे. गोव्यात साळगाव येथे २०१६ पासून ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करून वायू निर्माण केला जातो. परंतु कोणत्याही प्रकल्पास वेगळा केलेला माल मिळाला तरच त्याचे काम सुरळीत चालते. काचेचे तुकडे व प्लास्टिक मिसळलेल्या सालीपासून ना खत होते, ना वेष्टन. ग्रामपंचायतीने बाजाराच्या दिवशी दोन निरनिराळ्या टोपल्या ठेवल्या व विक्रेत्यांनी त्यांचा नेमाने उपयोग केला, तर या नव्या उद्योगास लागणाऱ्या कच्च्या मालाची पहिली सिद्धता गावातच होईल.