करंजतेलाची जंतुनाशक परीक्षा

कारंजा लाड परिसरातील शेतकऱ्यांस करंजाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. खरूज, नायटा यांवर करंजाचे तेल लावण्याचा प्रघात जुना आहे. तेच तेल तारुण्यपीटिकांवर, म्हणजे तोंडावरील मुरमांवर, गुणकारी असेल काय, हे परीक्षेनेच ठरवावे लागते.

रोगाचे कारण : वयात येताना त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवतात, केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजतात आणि तेथे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ नावाचे जंतू वाढून दाह होतो. हे जंतू निरोगी त्वचेवरही असतात. त्यांना प्राणवायू मानवत नाही.

परीक्षेची रीत : आगरयुक्त पोषक द्रव्याच्या थाळीवर जंतू पसरून तीत लहान खळगे पाडतात. एकात वनस्पतीचा अर्क, दुसऱ्यात अर्क काढण्यास वापरलेला नुसता द्रव व तिसऱ्यात क्लिंडामायसिनसारखे परिचित औषध घालतात. थाळी प्राणवायूविरहित डब्यात ३७ अंश सेल्सिअस उष्णतामानावर २ ते ३ दिवस ठेवतात. खळग्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसल्यास त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. नुसत्या द्रवाभोवतीही तेवढेच वर्तुळ पडले, तर तो गुण वनस्पतीचा नव्हे.

तेल मात्र पाणीदार आगरात नीट पसरत नाही. म्हणून वर्तुळ न पडल्यास तेल निरुपयोगी समजू नये. ते पोषक द्रवात एकजीव करून जंतूंची वाढ थांबविणारे कमीत कमी प्रमाण शोधावे लागते. पुण्याचे रसायनशास्त्रज्ञ डी. बी. लिमये यांनी १९२५ साली या तेलातील ‘करंजिन’ या स्फटिकरूप द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. असे घटक वेगळे तपासल्यास गुण नेमका कशाचा, हे कळते.

मर्यादा : थाळीतील जंतूंची वाढ थांबली, म्हणजे रोग्याचा चेहरा बरा झाला असे नव्हे. औषध छिद्रात पोहोचले पाहिजे व त्वचेस अपायही होता कामा नये. कच्चे तेल तोंडास चोळल्यास आग होण्याचा व छिद्रे अधिकच बुजण्याचा संभव असतो.

शेतकऱ्यांचे साह्य : परीक्षेसाठी बी देताना पक्व शेंगा घ्याव्यात, बुरशी लागलेले बी काढून टाकावे व गाव, महिना आणि वर्ष यांची चिठ्ठी लावावी. सागरगोट्यासही ‘लताकरंज’ म्हणतात. म्हणून ओळखीसाठी पानाफुलांसह फांदी सोबत द्यावी. नमुना चुकला, तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

मुरमे दुखरी असल्यास किंवा त्यांचे व्रण राहत असल्यास कार्यकर्त्यांनी तरुणांस घरगुती लेपावर विसंबू न देता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.